आधी काय घडले? : इंग्रजी भूतकाळाची रूपे आणि आपले लेखन

अहवाल, पंचनामा किंवा सभेचे इतिवृत्त वाचणारा माणूस मनाशी दोन प्रश्न विचारीत असतो. काय घडले, हा पहिला. आणि त्यांपैकी आधी काय घडले, हा दुसरा. नोटीस मिळाल्यानंतर बांधकाम झाले की बांधकाम झाल्यानंतर नोटीस मिळाली? भिंत कोसळण्यापूर्वी दुरुस्तीची मागणी झाली होती की कोसळल्यानंतर झाली? दोष कोणाचा, नुकसानभरपाई कोणाला, कारवाई कोणावर, हे सारे पुष्कळदा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. घटनांचा हा क्रम भाषेत नोंदविण्याचे मुख्य साधन म्हणजे क्रियापदाचा काळ होय. प्रस्तुत लेखात इंग्रजीतील भूतकाळाच्या रूपांचा, आणि त्यातही ज्याला इंग्रजीत 'पास्ट परफेक्ट' म्हणतात त्या पूर्ण भूतकाळाचा, मराठी भाषकाच्या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली संमत झाला आणि राज्याचा कारभार मराठीतून करण्याची दिशा निश्चित झाली. तथापि इंग्रजीचा संबंध संपला असे नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. केंद्र शासन, बँका, विमा कंपन्या यांच्याशी होणारा पत्रव्यवहार बराचसा इंग्रजीतच असतो. शाळांतून तर इंग्रजीचे अध्यापन आता पहिल्या इयत्तेपासूनच होते. म्हणून हा विषय केवळ परीक्षेचा नाही. तो कार्यालयाच्या टेबलाचा आणि ग्रामपंचायतीच्या दप्तराचाही आहे. विवेचनासाठी घेतलेली बहुतेक उदाहरणे मुंबईच्या गिरगाव, परळ, लालबाग, दादर या जुन्या वस्त्यांतील आहेत. तेथील घटनांची साले निश्चित असल्यामुळे क्रम तपासून पाहणे सोपे जाते.

नावे सारखी, काम निराळे

मराठीच्या शालेय व्याकरणात भूतकाळाचे चार प्रकार सांगितले जातात : साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. 'त्याने काम केले', 'तो काम करीत होता', 'त्याने काम केले होते', 'तो काम करीत असे'. इंग्रजीतही याला जुळणारी चार रूपे सहज सापडतात : 'ही डिड', 'ही वॉज डूइंग', 'ही हॅड डन' आणि 'ही यूज्ड टू डू'. दोन्ही तक्ते शेजारी मांडले की रकाना रकान्याला जुळतो आणि विद्यार्थ्याची अशी समजूत होते की 'केले होते' दिसले की 'हॅड डन' लिहावे.

ही जुळणी अगदी आपोआप झालेली नाही. मुंबईत १८१४ साली जन्मलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले. 'मराठी भाषेचे पाणिनी' असा त्यांचा गौरव झाला. त्यांच्या व्याकरणाची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून त्याच वळणाने मराठीचे काळ शिकविले गेले. या आराखड्यामुळे दोन भाषांची तुलना करण्याची सोय झाली, हे खरे. परंतु नाव एक असले म्हणजे काम एक असतेच असे नाही. 'पूर्ण भूतकाळ' या एकाच नावाखाली मराठी क्रियापद जे काम करते ते इंग्रजी क्रियापदाच्या कामापेक्षा बरेच विस्तृत आहे, आणि आपल्या बहुतेक चुकांचे मूळ येथेच आहे.

'मी काल दादरला गेलो होतो' हे वाक्य पाहावे. मराठीत ते अत्यंत स्वाभाविक आहे. जाणे झाले, परत येणेही झाले आणि ती गोष्ट आता संपली, एवढाच त्याचा अर्थ. 'मी काल दादरला गेलो' असे म्हटले तर ऐकणारा 'मग काय झाले?' म्हणून पुढच्या हकीकतीची वाट पाहतो. म्हणजे मराठीतील 'होतो' हा शब्द येथे गोष्ट मिटली असल्याची खूण आहे. दुसऱ्या कोणत्या घटनेच्या आधी ती घडली, असे तो सांगत नाही. इंग्रजीत मात्र या वाक्याचे भाषांतर 'आय वेंट टू दादर यस्टर्डे' असेच केले पाहिजे. 'आय हॅड गॉन टू दादर यस्टर्डे' असे लिहिले की इंग्रजी वाचक थबकतो. कशाच्या आधी गेला होतात, हे त्याला सांगितलेलेच नसते.

'कशाच्या आधी?' ही कसोटी

यावरून एक सोपी कसोटी हाती येते. मराठी वाक्यात 'होता, होती, होते' दिसले की त्या वाक्याला 'कशाच्या आधी?' असा प्रश्न विचारावा. भूतकाळातील दुसरी एखादी घटना किंवा वेळ उत्तरादाखल मिळाली, तर इंग्रजीत 'हॅड' योजावे. उत्तर मिळाले नाही, किंवा 'आताच्या आधी' एवढेच मिळाले, तर साधा भूतकाळ वापरावा.

दादर स्थानकावरील एक प्रसंग कल्पनेने घेऊ.

'आम्ही स्थानकावर पोचलो तेव्हा गाडी सुटली' : 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट.' आमचे पोचणे आणि गाडीचे सुटणे ही लागोपाठची गोष्ट आहे.

'आम्ही पोचलो तेव्हा गाडी सुटत होती' : 'द ट्रेन वॉज लीव्हिंग.' धावाधाव केली तर शेवटचा डबा मिळण्याची आशा आहे.

'आम्ही पोचलो तेव्हा गाडी सुटली होती' : 'द ट्रेन हॅड लेफ्ट.' फलाट रिकामा आहे. 'कशाच्या आधी?' या प्रश्नाला 'आमच्या पोचण्याच्या आधी' असे स्पष्ट उत्तर मिळते. म्हणून येथे 'हॅड' आवश्यक आहे.

'ती गाडी रोज आठ वाजता सुटत असे' : 'दॅट ट्रेन यूज्ड टू लीव्ह अ‍ॅट एट.' पूर्वीची रीत सांगितली, आणि आता ती राहिलेली नाही असेही सुचविले.

पहिल्या तीन वाक्यांत मराठी आणि इंग्रजी बरोबरीने चालतात. त्यामुळे वर्गात विषयाची सुरुवात अशा जोडवाक्यांनी करावी. एकेकटी वाक्ये भाषांतराला देऊन सुरुवात केली की 'काल गेलो होतो' यासारखी वाक्ये आडवी येतात आणि गोंधळ होतो.

क्रमाने सांगितले तर 'हॅड' नको

पूर्ण भूतकाळाची गरज केव्हा पडते आणि केव्हा पडत नाही, हे समजण्यासाठी भारतीय चित्रपटाच्या आरंभाची हकीकत उपयोगी पडेल. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. १९१२ साली ते लंडनला गेले. तेथून साहित्य घेऊन परतले. दादर येथे त्यांनी आपला चित्रपट तयार केला. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातील कॉरोनेशन सिनेमागृहात लोकांसाठी प्रदर्शित झाला.

या पाच घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने येथे सांगितल्या आहेत. इंग्रजीत त्या 'सॉ', 'वेंट', 'रिटर्न्ड', 'मेड', 'वॉज रिलीज्ड' अशा साध्या भूतकाळानेच सांगाव्यात. वास्तविक यातील प्रत्येक घटना पुढच्या घटनेच्या आधीची आहे. तरीही 'हॅड' लागत नाही, कारण वाक्यांचा क्रम हाच घटनांचा क्रम आहे.

आता हीच हकीकत शेवटाकडून सुरू करू. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. आदल्या वर्षी फाळके लंडनला जाऊन आले होते. त्याच्याही आधी त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला होता. कथन १९१३ मध्ये उभे राहिले आणि तेथून मागे वळून पाहू लागले. अशा वेळी इंग्रजीत 'द फिल्म वॉज रिलीज्ड इन १९१३. फाळके हॅड गॉन टू लंडन द प्रीव्हियस इयर' असे लिहावे लागते. येथे 'हॅड' गाळले तर वाचकाला वाटेल की चित्रपट प्रदर्शित झाला आणि मग फाळके लंडनला गेले. थोडक्यात, घटना क्रमाने सांगताना साधा भूतकाळ पुरतो. क्रम मोडून मागे जावयाचे असेल तेव्हाच 'हॅड' लागते.

'बिफोर' आणि 'आफ्टर' हे शब्द असले की क्रम त्यांनीच स्पष्ट होतो. त्यामुळे 'आफ्टर ही रिटर्न्ड फ्रॉम लंडन, ही मेड द फिल्म' हे वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे. तेथे 'हॅड रिटर्न्ड'ही चालते, पण ते अनिवार्य नाही. 'व्हेन' या शब्दाचे मात्र तसे नाही. दादर स्थानकाच्या उदाहरणात दिसले त्याप्रमाणे 'व्हेन'ने जोडलेल्या वाक्यांत सगळा भार क्रियापदाच्या रूपावर पडतो. म्हणून तेथे विशेष काळजी घ्यावी.

परळची एक बाटली

क्रमाच्या प्रश्नाला केवढे महत्त्व येऊ शकते, याचे एक उदाहरण परळच्या इतिहासात आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ पसरली. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा जागेत प्लेगवरील लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांच्या प्रयोगशाळेला परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसची वास्तू मिळाली. तेथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. पुढे त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. या १९ जणांना एकाच बाटलीतील लस मिळालेली होती. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही. त्या एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू गेले होते, याविषयी वाद नव्हता. वाद होता तो एवढाच, की ते केव्हा गेले?

बाटली परळला भरली गेली, बंद झाली, रेल्वेने पंजाबात गेली, मुलकोवाल येथे उघडली गेली आणि मग लस टोचली गेली. जंतू बाटली उघडण्यापूर्वी शिरले असतील तर दोष परळच्या प्रयोगशाळेचा. उघडताना शिरले असतील तर परळचा काही संबंध नाही. चौकशी आयोगाने प्रयोगशाळेकडे बोट दाखविले आणि हाफकिन यांना आपल्या पदावरून दूर व्हावे लागले. परंतु चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या होत्या. बाटलीचे बूच काढण्यापूर्वी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरण्यात आला होता. दुसरे असे की बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंधी येत नव्हती. जंतू कित्येक आठवडे बंद बाटलीत वाढत असते, तर दुर्गंधी आल्याशिवाय राहिली नसती. रोनाल्ड रॉस आणि अन्य नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स' पत्रातून हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त ठरले. १९२५ साली परळच्या या संस्थेला हाफकिन यांचेच नाव देण्यात आले.

आता या प्रकरणाकडे भाषेच्या दृष्टीने पाहू. पुढील तीन इंग्रजी वाक्ये अभ्यासासाठी रचलेली आहेत. ती कोणत्याही अहवालातील नाहीत.

'द व्हॅक्सीन वॉज कंटॅमिनेटेड व्हेन द बॉटल वॉज ओपन्ड.'

'द व्हॅक्सीन हॅड बीन कंटॅमिनेटेड बिफोर द बॉटल वॉज ओपन्ड.'

'द व्हॅक्सीन बिकेम कंटॅमिनेटेड व्हाइल द बॉटल वॉज बीइंग ओपन्ड.'

पहिले वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, पण त्याचे दोन अर्थ होतात. बाटली उघडली त्या वेळी लस आधीच दूषित झालेली होती, असा एक. आणि उघडताना ती दूषित झाली, असा दुसरा. अहवालात असे वाक्य आले तर प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचा अर्थ काढील. दुसऱ्या वाक्यात 'हॅड बीन' आणि 'बिफोर' यांनी दोष परळच्या पदरी घातला. तिसऱ्याने तो मुलकोवालला नेला. व्याकरण काही खरे-खोटे ठरवीत नाही. ते काम पुराव्याचे. परंतु आपण कोणता क्रम मानतो हे लिहिणाऱ्याने स्पष्ट सांगावे, एवढी सक्ती योग्य काळाचा वापर त्याच्यावर करतो. ज्या अहवालावर एखाद्याची नोकरी किंवा अब्रू अवलंबून आहे, तो लिहिताना 'वॉज' आणि 'हॅड बीन' यांतील भेद किरकोळ मानता येणार नाही.

कार्यालयीन लेखनातील नेहमीच्या जागा

आपल्या दैनंदिन लेखनात चुका होण्याच्या काही ठरावीक जागा आहेत. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिली जागा 'करण्यात आले होते' या शब्दप्रयोगाची. शासकीय मराठीत 'दिनांक ५ रोजी सभा आयोजित करण्यात आली होती' असे लिहिण्याची रीत आहे. येथे 'कशाच्या आधी?' या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणून इंग्रजीत 'अ मीटिंग वॉज हेल्ड ऑन द फिफ्थ' एवढेच लिहावे. 'हॅड बीन हेल्ड' लिहिल्यास पुढे दुसरी घटना येणार अशी अपेक्षा निर्माण होते आणि ती येत नाही. अनेक इंग्रजी मसुद्यांत प्रत्येक वाक्यात 'हॅड' दिसते, त्याचे कारण मराठीतील ही सवय होय. सर्वच वाक्यांत 'हॅड' असले की खरोखर आधी काय घडले, हे कळेनासे होते.

दुसरी जागा कालदर्शक शब्दाची. 'मी काल अर्ज दिला आहे' हे मराठीत बिनचूक वाक्य आहे. इंग्रजीत मात्र 'यस्टर्डे', 'लास्ट वीक', 'इन १९८२' असा संपलेला काळ सांगितला की 'हॅव' किंवा 'हॅज' वापरता येत नाही. 'आय हॅव सबमिटेड द अ‍ॅप्लिकेशन' चालेल. 'आय सबमिटेड द अ‍ॅप्लिकेशन यस्टर्डे' हेही चालेल. पण 'हॅव सबमिटेड' आणि 'यस्टर्डे' यांना एका वाक्यात आणू नये. 'हॅड'ला हे बंधन नाही. 'गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला होता' हे वाक्य १९३४ साली स्थापन झालेल्या लालबागच्या राजाच्या संदर्भात आले, तर 'हॅड बिगन इन १८९३' असे लिहिता येते.

तिसरी जागा 'म्हणाले की' याची, आणि चौकशीच्या कामी ती सर्वांत महत्त्वाची. मराठीत 'की' नंतर बोलणाऱ्याचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे येतात. इंग्रजीत 'सेड दॅट' नंतर क्रियापद एक पायरी मागे सरकते. एखाद्या कर्मचाऱ्याने सांगितले की 'मी आजारी आहे', तर 'ही सेड दॅट ही वॉज इल'. त्याने सांगितले की 'मी आजारी होतो', तर 'ही सेड दॅट ही हॅड बीन इल'. पहिल्यात तो जबाबाच्या वेळी आजारी आहे. दुसऱ्यात आजार जबाबापूर्वी येऊन गेला. रजेच्या प्रकरणात हा फरक निर्णायक ठरू शकतो. संदर्भ स्पष्ट असेल तर इंग्रजी लेखक अशा ठिकाणी कधी कधी साधा भूतकाळही योजतात. तथापि जबाब आणि चौकशी अहवाल यांत पायरी पाळणेच श्रेयस्कर.

चौथी जागा कालावधीची. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्या वेळी लालबागमधील एखादा कामगार वीस वर्षे गिरणीत काम करीत होता, असे मराठीत आपण म्हणतो. 'करीत होता' पाहून 'ही वॉज वर्किंग फॉर ट्वेंटी इयर्स' असे लिहिले जाते. ते चूक आहे. एका ठरावीक क्षणापर्यंत चालत आलेले काम आणि त्याचा कालावधी सांगावयाचा असेल तर 'ही हॅड बीन वर्किंग इन द मिल फॉर ट्वेंटी इयर्स व्हेन द स्ट्राइक बिगॅन' असे लिहावे.

पाचवी जागा जाणणे, असणे, आवडणे, हवे असणे यांसारख्या क्रियापदांची. ही स्थिती दाखवितात, कृती नव्हे. 'त्याला ही गोष्ट माहीत होती' म्हणजे 'ही न्यू धिस'. 'ही वॉज नोइंग' नव्हे. 'होती' हा शब्द आहे म्हणून 'हॅड नोन' लिहिण्याचेही कारण नाही. राहण्याविषयी मात्र थोडा विवेक करावा लागतो. 'डॉ. आंबेडकर परळ येथील बी. आय. टी. चाळीत राहत होते' हे दीर्घ वास्तव्य आहे, म्हणून 'लिव्ह्ड'. 'त्या आठवड्यात तो दादरला मावशीकडे राहत होता' हे तात्पुरते आहे, म्हणून 'वॉज स्टेइंग'.

सहावी जागा न घडलेल्या गोष्टीची. 'अर्ज मुदतीत आला असता, तर त्याचा विचार झाला असता.' मराठीत दोन्ही बाजूंना 'असता' आहे, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे 'वुड हॅव' लिहिण्याचा मोह होतो. शुद्ध रूप असे : 'इफ द अ‍ॅप्लिकेशन हॅड कम इन टाइम, इट वुड हॅव बीन कन्सिडर्ड.' 'इफ'च्या बाजूला 'हॅड', दुसऱ्या बाजूला 'वुड हॅव'. अर्ज मुदतीत आला नाही, हे सत्य या 'हॅड'मध्येच दडलेले आहे.

एक नमुना

ग्रामपंचायतीला शाळेच्या पडलेल्या भिंतीविषयी वरिष्ठांना इंग्रजीत कळवावयाचे आहे, असे समजू. मराठी टिपण असे आहे : '१२ जून रोजी शाळेची भिंत कोसळली. ग्रामपंचायतीने मार्चमध्येच दुरुस्तीची मागणी केली होती. पण पाहणी झाली नव्हती. १३ जूनला अभियंत्यांनी जागेला भेट दिली व शाळा बंद ठेवण्यास सांगितले.'

इंग्रजी मसुदा : 'द स्कूल वॉल कोलॅप्स्ड ऑन १२ जून. द ग्रामपंचायत हॅड आस्क्ड फॉर रिपेअर्स इन मार्च, बट नो इन्स्पेक्शन हॅड बीन मेड. ऑन १३ जून द इंजिनिअर व्हिजिटेड द साइट अँड टोल्ड द स्कूल टू रिमेन क्लोज्ड.'

पाच क्रियापदांपुढे जे रूप आले आहे त्याचे कारण प्रत्येक ठिकाणी सांगता येते. भिंत कोसळणे ही मुख्य घटना, म्हणून साधा भूतकाळ. मागणी आणि पाहणीचा अभाव ही तिच्या आधीची गोष्ट, म्हणून दोनदा 'हॅड'. भेट आणि सूचना नंतरच्या, त्याही क्रमाने सांगितलेल्या, म्हणून पुन्हा साधा भूतकाळ. ग्रामपंचायतीची सारी बाजू त्या दोन 'हॅड'मध्ये आहे. ती काढून टाकली तर मागणी आणि पाहणी यांचा भिंत पडण्याशी असलेला संबंधच पुसट होतो.

शिक्षकांसाठी काही सूचना

फळ्यावर एक आडवी रेघ ओढावी. उजव्या टोकाला 'आज' लिहावे. मध्ये एक खूण करून तेथे मुख्य घटना लिहावी आणि तिच्या डाव्या बाजूला आधीची घटना. मुख्य खुणेवर जे घडले ते साध्या भूतकाळात, तिच्या डावीकडचे 'हॅड'ने, आणि खुणेला आरपार जाणारे चालू काम 'वॉज'ने दाखवावे. मुलांना गावातील किंवा शाळेतील घटना या रेघेवर मांडू द्याव्यात. काळांची नावे पाठ करवून घेण्यापेक्षा यात जास्त फायदा होतो.

रूपांच्या शुद्धतेकडेही लक्ष हवे. 'हॅड' नंतर क्रियापदाचे तिसरे रूप येते : 'हॅड गॉन', 'हॅड वेंट' नव्हे, 'हॅड रिटन', 'हॅड रोट' नव्हे. 'डिड नॉट' नंतर मात्र मूळ रूप : 'डिड नॉट गो'. 'ही हॅड अ शॉप इन गिरगाव' या वाक्यात 'हॅड' एकटेच आहे. तेथे त्याचा अर्थ 'जवळ होते' असा असून तो साधा भूतकाळ आहे, हेही मुलांना दाखवून द्यावे.

सरावासाठी पुढील वाक्ये द्यावीत. प्रत्येक वाक्याला आधी 'कशाच्या आधी?' हा प्रश्न विचारावा आणि मगच भाषांतर करावे.

१. मागील वर्षी आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले होते.
२. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला, डॉ. आंबेडकरांचे आदल्या वर्षीच निधन झाले होते.
३. त्या काळी लालबागेत पहाटे गिरणीचा भोंगा होत असे.
४. भोंगा झाला तेव्हा तो चहा घेत होता.
५. आम्ही परळच्या रुग्णालयात पोचलो तेव्हा डॉक्टर निघून गेले होते.
६. सरपंचांनी सांगितले की टँकर आलाच नाही.

उत्तरे अशी : पहिल्यात 'वॉज हेल्ड', कारण आधीची-नंतरची अशी जोडी नाही. दुसऱ्यात 'वॉज पब्लिश्ड' आणि 'हॅड डाइड'. तिसऱ्यात 'यूज्ड टू साउंड'. चौथ्यात 'साउंडेड' आणि 'वॉज हॅव्हिंग'. पाचव्यात 'रीच्ड' आणि 'हॅड लेफ्ट'. सहाव्यात 'सेड दॅट द टँकर हॅड नॉट कम'.

परकी भाषा शिकताना आपल्या भाषेची सवय आडवी येते, आणि तीच सवय नीट ओळखली तर मदतीलाही येते. क्रमाचा भेद मराठीला मुळीच नवा नाही. 'गाडी सुटली' आणि 'गाडी सुटली होती' यांतील अंतर लहान मूलही जाणते. इंग्रजीत लिहिताना एवढेच ध्यानात ठेवावयाचे, की मराठीचे 'होते' अनेक कामे करते आणि इंग्रजीचे 'हॅड' त्यांपैकी मुख्यतः आधीची गोष्ट आधीची म्हणून दाखविण्याचेच काम करते. मसुद्यावर सही करण्यापूर्वी प्रत्येक 'हॅड'ला 'कशाच्या आधी?' असे विचारण्यास फार वेळ लागत नाही. अधिकाऱ्यांनी, शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी ही सवय लावून घेतल्यास त्यांचे अहवाल आटोपशीर होतील आणि कागद वाचून निर्णय घेणाऱ्याला आधी काय घडले हे निःसंदिग्धपणे कळेल.